अध्याय कोठे थांबवावा?

श्रावण लागला, की आमच्या गल्लीत नवनाथांची पोथी लागत असे. निपाणीपासून दोन-तीन कोसांवरचे आमचे खेडे. मी तेव्हा मराठी चौथीत किंवा पाचवीत असेन. तंबाखूच्या वखारीतून परतलेल्या बायका हातपाय धुऊन, पण तंबाखूचा तो उग्र वास अंगाखांद्यावर तसाच घेऊन, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत येऊन टेकत. पुरुषमंडळी खांबांना पाठ लावून बसत. आम्ही मुले समईच्या अगदी जवळ. पोथी वाचीत ते आमचे एक चुलत आजोबा. त्यांचा आवाज काही गोड नव्हता. पण ओवी संपताच ते क्षणभर थांबत आणि मग अर्थ सांगत. त्या थांबण्यात आमचे प्राण गुंतलेले असत.

त्यांचा एक दंडक होता. अध्याय अर्धा टाकून उठायचे नाही. एकदा मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले आहेत, गोरक्षनाथ त्यांना सोडवून आणायला निघाले आहेत, आणि बाहेर असा काही पाऊस कोसळू लागला की ओवरीत पाणी आले. दिवे गेले. बायका चुळबुळू लागल्या. आजोबांनी कंदील मागवला, पोथी मांडीवर घेतली आणि अध्याय पुरा करूनच ती बासनात बांधली. घरी जाताना मी त्यांना विचारले, "आज थोडे राहिले असते तर काय बिघडले असते?" ते म्हणाले, "आरं, माणसाला वाटंत उभं करून आपण जेवाय जायचं व्हय? कुठल्या तरी धर्मशाळंत तर पोचीव त्याला!"

हे उत्तर मी पुढे विसरूनही गेलो. एम. ए.ला कथानकाच्या बांधणीविषयी पुष्कळ वाचले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. पण तेथे ही धर्मशाळा काही मला भेटली नाही. ती पुन्हा आठवली ती अगदी अलीकडे, आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गात, आणि तीही एका परदेशी महासर्पाच्या निमित्ताने.

त्याचे असे झाले. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला मी मुलांना एखादे पुस्तक वाचून दाखवतो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाचे दिवस तक्ते भरण्यात, आहाराचा हिशेब जुळवण्यात आणि कन्नडमधून आलेल्या परिपत्रकांना उत्तरे देण्यात जातात. शिक्षक असल्याची आठवण राहावी म्हणून हा एक तास मी कोणाला देत नाही. त्या वर्षी मुले आपसात कसल्याशा बुटक्यांच्या आणि सोन्यावर झोपणाऱ्या ड्रॅगनच्या गोष्टी करताना माझ्या कानी आली. चौकशी करता कळले, की कोणाच्या तरी थोरल्या भावाच्या मोबाइलवर त्यांनी ते चित्रपट हिंदीतून पाहिले होते. या चित्रपटांच्या मुळाशी एक पुस्तक आहे आणि ते मराठीतही आहे, हे मात्र वर्गात एकालाही ठाऊक नव्हते. तेव्हा जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'चा मीना किणीकर यांनी केलेला अनुवाद मी मिळवला आणि वाचायला घेतला.

वाचकांपैकी ज्यांना या कथेचा परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचे हे पुस्तक १९३७ साली निघाले. बिल्बो नावाचा एक घरकोंबडा, खाण्यापिण्याचा शौकीन, बुटका गृहस्थ तेरा खुजांच्या टोळीबरोबर एका डोंगराकडे निघतो. त्या खुजांचे वडिलोपार्जित सोने स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलेले असते. वाटेत राक्षस, कोळी, अरण्ये; आणि एका अंधाऱ्या भुयारात बिल्बोला एक अंगठी सापडते. भुयारातल्या गॉलम नावाच्या विचित्र प्राण्याशी त्याला कोड्यांचा सामना खेळावा लागतो, हरला तर जीव जाणार. हा भाग वाचताना वर्ग असा काही रंगला की विचारू नका. आमच्याकडे कोड्यांना उमाणे म्हणतात. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून एकेक उमाणा आणला होता, आणि त्यांतले निम्मे मला सुटले नाहीत.

एकोणीस प्रकरणांचे हे पुस्तक बेताचेच जाड आहे. त्यावर न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तीन मोठे चित्रपट काढले. ते २०१२, २०१३ आणि २०१४ या तीन वर्षांच्या डिसेंबरांत एकामागून एक प्रदर्शित झाले. आधी बेत दोनच चित्रपटांचा होता. पहिला पडद्यावर यायला काही महिने उरले असताना दोनाचे तीन करण्याचे जाहीर झाले. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस डिवचला गेलेला स्मॉग डोंगरातून बाहेर पडतो, सरोवराकाठचे गाव जाळायला झेप घेतो, आणि पडदा काळा होतो.

आमच्या वाचनात आम्ही त्या जागी पोचलो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिची आई वखारीत कामाला जाते. मुलगी वाचनात तेव्हा बरीच मागे होती, जोडाक्षर आले की अडखळे. ती म्हणाली, "सर, पिक्चर हितंच सोडलाय की वो! अर्ध्यातच! मग तिसऱ्यात पाच-धा मिन्टात त्यो मरतोय. मग दुसऱ्यातच मारायचा की!"

वर्ग हसला, पण तिचे म्हणणे बिनतोड होते. तिसऱ्या चित्रपटात ड्रॅगन गाव जाळतो, बार्ड नावाचा धनुर्धर त्याला बाणाने मारतो, आणि हे सगळे चित्रपटाचे नाव पडद्यावर येण्यापूर्वीच उरकते. ज्याच्यासाठी दोन चित्रपटभर पायपीट केली, त्याचे मरण तिसऱ्याच्या नमनाला! प्रेक्षकाला वर्षभर वाटेत उभे करून ठेवले, ते एवढ्यासाठीच. मला आजोबांची धर्मशाळा आठवली ती या क्षणी.

मात्र घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा एक गंमत ध्यानात आली, आणि दिग्दर्शकाला दोष देण्यापूर्वी ती सांगणे प्राप्त आहे. टॉल्किन यांनीही आपले बारावे प्रकरण नेमके तेथेच संपवले आहे! ड्रॅगन नदीच्या रोखाने गावाकडे निघतो आणि प्रकरण संपते. इतकेच नव्हे, तर तेराव्या प्रकरणात लेखक ड्रॅगनच्या मागे जातच नाही. तो डोंगराच्या पोटातल्या अंधारात खुजांबरोबर बसून राहतो. बाहेर काय झाले हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. गावात काय घडले ते कळते चौदाव्या प्रकरणात. म्हणजे उत्कंठा लेखकानेही ताणली आहे, किंबहुना अधिकच ताणली आहे. मग वर्गातल्या मुलीला ते का खटकले नाही?

पुढच्या शनिवारी मी हा प्रश्न मुलांसमोर ठेवला. बरीच वादावादी झाली. एक मुलगा म्हणाला, पुस्तकात पान उलटता येते. खरेच आहे, पण एवढेच नाही. तेराव्या प्रकरणात लेखक आपल्याला अंधारात ठेवतो, पण तेथे बिल्बो सोबत असतो. गोष्ट त्याची आहे, आणि तो जेथे आहे तेथे आपण असतो. चित्रपटात आपण बिल्बोला सोडून ड्रॅगनच्या पाठीमागे लागतो आणि मग दोघांनाही सोडून थिएटरच्या बाहेर येतो. पोथीच्या भाषेत सांगायचे तर टॉल्किन यांनी अध्याय पुरा केला. चित्रपटाने तो अर्धा टाकला, जरी दोघांची शेवटची ओळ एकच असली तरी.

लांबलचक अद्भुत कथेचे अनेक चित्रपट करायचे म्हटले, म्हणजे लोक सहसा विचारतात, यातले काय गाळले? या वादाने मला पटवले, की त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. थांबायचे कोठे?

आणि मौज अशी, की हाच प्रश्न याच दिग्दर्शकाने दहा-बारा वर्षांपूर्वी उत्तम रीतीने सोडवला होता. टॉल्किन यांची मोठी कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. तिचा मराठी अनुवाद मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने केला आहे. बिल्बोला सापडलेली ती अंगठी वास्तविक सर्वनाशाचे बीज आहे, आणि ती ज्या ज्वालामुखीत घडवली गेली तेथेच नेऊन टाकली पाहिजे, एवढीच कथा. पण हजारावर पानांची. तिला सर्रास त्रिखंडी म्हणतात. लेखकाच्या मनात मात्र ती एकसंध कादंबरी होती. महायुद्धानंतरच्या इंग्लंडात कागद महाग, ग्रंथ अवाढव्य, म्हणून प्रकाशकाच्या सोयीने तिचे तीन तुकडे झाले. म्हणजे खंड जेथे तुटतात, त्या जागा कथेने मागितलेल्या नव्हत्या.

जॅक्सन यांनी प्रथम दोन चित्रपटांचा आराखडा केला होता. ज्या कंपनीकडे ते होते तिला खर्च पेलवेना. एकाच चित्रपटात आटपा, असा तिचा आग्रह पडला. ते दुसऱ्या कंपनीकडे गेले, तेव्हा तिथल्या प्रमुखाने उलट विचारले, की पुस्तके तीन असताना चित्रपट दोन का? मग ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० अशा सलग चित्रीकरणात, २७४ दिवसांत, तिन्ही चित्रपट न्यूझीलंडमध्ये एकदमच चित्रित झाले आणि २००१, २००२, २००३ या वर्षांच्या डिसेंबरांत ते आले. तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली.

आता पाहा. बोरोमीर नावाचा योद्धा अंगठीच्या लोभाला बळी पडतो, पस्तावतो आणि आपल्या सोबत्यांना वाचवताना मरतो. पुस्तकात त्याचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या आरंभी आहे. जॅक्सन यांनी तो उचलून पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणला. त्यामुळे प्रवास अपुरा असूनही एका माणसाची कथा पुरी होते. लोभ, पतन, प्रायश्चित्त, सारे एका बैठकीत. दुसरा खंड तर पुस्तकात अशा ठिकाणी तुटतो की नायक शत्रूच्या हाती जिवंत सापडला आहे आणि त्याचा सोबती बंद दाराबाहेर पडला आहे. चित्रपटाने तो सगळा भाग, राक्षसी कोळिणीसकट, तिसऱ्यात ढकलला. दुसरा चित्रपट संपतो तेव्हा दोघे मित्र दमलेभागलेले, पण चालत असतात. धर्मशाळा आली, पाठ टेकली, उद्या पुढे.

गाळलेही पुष्कळच. टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणारा, कोड्यासारखा वनपुरुष समूळ गेला. त्याचे मला फारसे दुःख नाही. एका गोष्टीचे मात्र आहे. पुस्तकात बुटके वीर जग वाचवून घरी येतात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गावाची गुंडांनी धूळधाण केलेली असते. झाडे तोडलेली, घरे पाडलेली. थोरामोठ्यांच्या मदतीवाचून त्यांना ते गाव स्वतःच सोडवावे लागते. चित्रपटात गाव जसेच्या तसे हिरवेगार. प्रेक्षकाला निरोपाच्या वेळी आणखी एक लढाई नको असते, हे मान्य. पण बाहेरचा शत्रू संपला तरी घर आपसूक सुखरूप राहत नाही, हे लेखकाचे सांगणे त्यात गेले. आमच्यासारख्या हद्दीवरच्या माणसांना तो भाग विशेष जवळचा वाटावा असा आहे.

हे सारे परक्यांचे झाले. आपल्याकडे काय?

येथे मला मुलांसमोर मोठ्या अभिमानाने उभे राहता आले. भागाभागांनी कथा सांगणारा भारतातील पहिला मालिका-चित्रपट म्हणून चित्रपटेतिहासात ज्याची नोंद होते, तो एका मराठी माणसाचा आहे. श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ साली 'राम वनवास' काढला. आदल्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांचे 'लंकादहन' येऊन गेले होते, त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. बोलपट यायला तेरा वर्षे अवकाश होता. अशा काळात, चौदा वर्षांचा वनवास एका बैठकीत मावणार नाही हे ओळखून तो तोडून दाखवण्याचे धाडस त्यांनी केले. मला तर वाटते, त्यांना ते धाडस वाटलेही नसेल. ज्या समाजात रामकथा रोज रात्री थोडी थोडी ऐकली जाते, त्याला भागांची काय नवलाई?

त्यापुढची हकीकत आमच्या शेजारच्या कोल्हापूरची. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. बाबूराव पेंटर यांनी तेथे स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 'सैरंध्री' १९२० साली आला. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी घेतली. त्यात शेलारमामा झालेला तरुण म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. हेच शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ च्या जूनमध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. 'अयोध्येचा राजा' आणि 'माया मच्छिंद्र' हे दोन्ही बोलपट १९३२ मध्ये कोल्हापुरातूनच बाहेर पडले.

'माया मच्छिंद्र' हा 'सिद्धसंसार' नावाच्या नाटकावरून घेतलेला आहे. पण त्याचे मूळ आमच्या ओवरीतच होते. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, मास्टर विनायक गोरक्ष आणि दुर्गाबाई खोटे राणी किलोतला. तिच्याजवळ एक माणसाळलेला चित्ता! मी तो चित्रपट पुष्कळ उशिरा पाहिला. आजच्या डोळ्यांना त्यातले चमत्कार साधे वाटतात. तरी तो पाहताना माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' १८१९ सालचा, चाळीस अध्यायांचा. नऊ नाथ, त्यांच्या जन्मकथा, भ्रमंती, मंत्रयुद्धे. भाविकांच्या पोथीला कादंबरी म्हणण्याचा अविनय मी करणार नाही. पण अद्भुताचा एवढा मोठा साठा मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. कोल्हापूरकरांनी त्यातले एक उपाख्यान उचलले. गोरक्षाने सोन्याची वीट फेकून दिली, तेव्हा गुरू व्याकूळ झाले, मग शिष्याने डोंगरच सोन्याचा करून दाखवला; आजी हे सांगे तेव्हा आम्ही तो डोंगर निपाणीच्याच माळावर कल्पित असू. अशी किती उपाख्याने त्या चाळीस अध्यायांत पडून आहेत! पोथी हाताशी होती, कारागीर हाताशी होते, श्रोते तर पिढ्यान्पिढ्या तयार होते. पुढचा भाग मात्र निघाला नाही.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तेथला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४) नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवरचा. काल्पनिक अवंतीनगरी, पशुबळी बंद करणारा राजा आणि त्याच्या वधाचा कट करणारा राजगुरू. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा एक डोळा पडदाभर दिसतो, तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मराठीत ती भूमिका केशवराव दात्यांची. कादंबरीत पानेच्या पाने घेणारा धर्मवेडाचा दरारा त्या एका डोळ्यात आला. रूपांतर म्हणतात ते हे. नारायणरावांच्या कथांवर त्याआधी 'सावकारी पाश' निघाला होता, पुढे 'कुंकू' निघाला. त्या काळी कादंबरीकार आणि चित्रपटकार यांचे येणे-जाणे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मालिका-चित्रपट मराठीत मग का रुजले नाहीत? माझ्या अल्पमतीप्रमाणे कारण पैशाचे आहे, आणि पैशाइतकेच धीराचेही. तीन चित्रपट एकदम करायचे म्हणजे पहिला पडला तरी उरलेल्या दोहोंचा खर्च अंगावर. मराठी निर्माता घरदार गहाण ठेवून एकच काढतो; तो सगळी शिदोरी पहिल्याच मुक्कामाला सोडणार, यात नवल ते काय? शिवाय जी भूक अशा चित्रपटांनी भागायची, ती पुढे दूरदर्शनने भागवली. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रामानंद सागरांचे 'रामायण' रविवारी सकाळी लागे तेव्हा आमच्या गावात एका सावकाराच्या सोप्यात एकच संच होता. अर्धा गाव तेथे. बायका घरून हळदकुंकू घेऊन येत. मी कॉलेजात असल्याने मला ते भाबडे वाटे, आणि तरी मी एकही रविवार चुकवला नाही. पोथीचेच ते रूप होते. फक्त अध्याय कोठे थांबवायचा हे ठरवणारे आजोबा मुंबईत होते.

तामिळ भाषिकांनी मात्र ते करून दाखवले. कल्कि यांची 'पोन्नियिन सेल्वन' ही पाच भागांची कादंबरी १९५० ते १९५४ या काळात त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. एम. जी. रामचंद्रन यांनी १९५८ मध्ये तिचे हक्क घेतले, पण चित्रपट झाला नाही. मणिरत्नम यांनी तो शेवटी दोन भागांत केला. सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३. ही कादंबरी ऐतिहासिक आहे, अद्भुत नव्हे; पण दर आठवड्याला वाचकाला थांबवून पुन्हा बोलावण्याची कला जिच्या हाडीमाशी आहे, ती पडद्यावरही थांबे सहज दाखवते. पहिला भाग राजपुत्र समुद्रात बुडाला अशा समजुतीवर संपतो. एवढी वर्षे लागली, पण तोवर घरोघरी ते पुस्तक वाचले जात होते, हे महत्त्वाचे. हरिभाऊंच्या कादंबऱ्याही 'करमणूक'मधून अशाच क्रमशः येत. नाथमाधवांनी सिंहगडावरच्या अपघातानंतर अंथरुणाला खिळून कादंबऱ्या लिहिल्या; त्यांची 'वीरधवल' माझ्या पिढीपर्यंत मुले रात्र रात्र जागून वाचत. आमच्या शाळेच्या कपाटात तिची एक प्रत आहे, बांधणी सुटलेली, शेवटची काही पाने नसलेली. वीरधवल तीन भागांत पडद्यावर आला तर मी कोल्हापूरपर्यंत चालत जाईन, असे मी वर्गात म्हणालो. एका मुलाने विचारले, "सर, वीरधवल कोण?" या प्रश्नाने मी खरा घायाळ झालो. चित्रपट निघत नाही याचे कारण मी निर्मात्याच्या तिजोरीत शोधत होतो. ते माझ्या कपाटात होते.

ती सुटी प्रत मी बांधून घेतली आणि गळालेल्या पानांची गोष्ट आठवेल तशी लिहून मागे जोडली. साहित्यदृष्ट्या हा गुन्हा आहे, पण सध्या ती चार घरी फिरून आली आहे.

राहिली ती ड्रॅगनवाली मुलगी. पुढे काय होते हे कळावे म्हणून ती पुस्तक घरी मागू लागली. मी दिले. जोडाक्षरे अडखळत, बोट ठेवून, तिने शेवटची प्रकरणे माझ्याआधी संपवली आणि तक्रार घेऊन आली, की पाच सैन्यांच्या लढाईत बिल्बो डोक्याला दगड लागून बेशुद्धच पडतो आणि लढाई तो शुद्धीवर येईतो संपलेली असते; पिक्चरमध्ये मात्र ती किती वेळ चालते! तिला कोणते आवडले, असे मी विचारले. म्हणाली, "पुस्तकातलं. त्यो बेशुद्ध हाय तर आपल्याला कसं दिसंल?"

गेल्या श्रावणात तिच्या आजीने तिला नवनाथांची पोथी वाचायला बसवले. आजीला अक्षर दिसेनासे झाले आहे, आणि गल्लीत पोथी वाचणारे आता कोणी उरलेले नाही. सुरुवातीला चार-पाच बायका येत, मग दोन. एका सोमवारी ती शाळेत पेंगुळलेली दिसली. विचारले तर म्हणाली, रात्री पाऊस होता, वीज गेली होती, बायका उठून गेल्या आणि आजीला बसल्या बसल्या झोप लागली.

"मग?" मी विचारले.

"मोबाइलची बॅटरी लावून अध्याय पुरा केला, सर. पण आजीनं ऐकला न्हाई. आज परत त्योच वाचायचा हाय."